घाटात पोटात गोळा येतो तेव्हा: जोराच्या सायकलिंगमधली पोटदुखी ओळखावी कशी, टाळावी कशी

पाय शाबूत आहेत, श्वास ताब्यात आहे, सायकल कुरकुरत नाही, आणि तरी पसरणी घाटाच्या अर्ध्यावर पोटात असा गोळा येतो की हँडलवरचा एक हात काढून पोट धरावं लागतं. मग कोणीतरी म्हणतं, ‘तुझं पोटच नाजूक आहे.’ बहुतेक वेळा हे खरं नसतं. जोर चढत असताना पोटाला जे आणि जेवढं पचवता येतं, त्यापेक्षा जास्त त्याच्यावर लादलेलं असतं, आणि ते लादणं आदल्या रात्रीच्या जेवणापासून सुरू झालेलं असतं. म्हणून उपायही आदल्या रात्रीपासूनच करावा लागतो. घाटात पोहोचल्यावर हातात फार थोडं उरतं.

आधी कुठे दुखतंय ते नीट पाहा

‘पोट दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. जागा बोटाने दाखवता आली की निम्मं निदान होतं.

बरगडीखाली, बहुधा उजव्या बाजूला, सुई टोचल्यासारखी कळ असेल तर ती कुशीत भरलेली चमक. पळणाऱ्यांना आणि पोहणाऱ्यांना ती जास्त छळते, सायकलवर कमी. भरल्या पोटी किंवा फार गोड पेय पिऊन जोर लावला की ती हमखास डोकं वर काढते. पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर डिवचलं जाणं हे तिचं सर्वांत पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे.

बेंबीच्या वर जडपणा, पाणी डुचमळल्याचा आवाज, आंबट ढेकर, मळमळ ही लक्षणं असतील तर जठर रिकामं होत नाहीये. प्यायलेलं पाणी आणि खाल्लेलं केळं अजून वरच आहे. बेंबीच्या खाली मुरडा, गॅस, मधूनच शौचाची घाई असेल तर तक्रार आतड्याची आहे. तिथे न शोषलेली साखर, चोथा किंवा दूध पोहोचलंय.

चौथा प्रकार पोटाच्या आतला नसतोच. थांब्यावर बूट सोडायला वाकलात आणि पोटाचा पुढचा स्नायू दगडासारखा आवळला, बोटाखाली गाठ लागली, तर तो पोटाच्या भिंतीला आलेला पेटका. त्याला खाण्यापिण्यातले फेरफार फारसे उपयोगी पडत नाहीत. ताठ होऊन हळूहळू मागे ताण द्यायचा. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा पोट आणि पाठीचे व्यायाम करायचे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही असेल, आणि चढाला लागलं की पोटाच्या वरच्या भागात आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं होऊन जोर कमी करताच थांबत असेल, तर त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी घेऊ नका. हृदयाचं दुखणं असंही व्यक्त होतं. पुढची राइड तपासणीनंतरच करा. असं दुखणं थांबल्यावरही कमी होत नसेल, सोबत घाम फुटत असेल, दम लागत असेल किंवा जबडा-हात दुखत असेल, तर सायकल तिथेच सोडून रुग्णवाहिका बोलवा.

पोटाचं रक्त पायांकडे जातं

शांत बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो. जोर वाढला की तो पुरवठा आखडतो. अतिशय जोराच्या श्रमात पोटाकडचा रक्तप्रवाह ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, कारण मांड्यांना प्राणवायू हवा असतो. त्यात ऊन असेल तर अंग थंड करायला त्वचाही रक्त मागते, आणि घामाने पाणी गेलेलं असेल तर वाटून घ्यायला रक्तच कमी उरतं. एप्रिलमध्ये साडेदहाला घाट चढणाऱ्याचं पोट या तिन्ही कात्रींत सापडतं. जानेवारीच्या पहाटे तोच घाट, तेच खाणं, तोच वेग असूनही काही होत नाही, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट वेगाची. तुमच्या कमाल क्षमतेच्या साधारण पाऊण भागाच्या वर श्रम गेले की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. साधी खूण म्हणजे, सलग एक वाक्य बोलता येतंय तोवर पोट काम करतंय. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर त्या वेळी गिळलेलं बराच वेळ तिथेच पडून राहणार.

आदल्या दुपारपासून सकाळपर्यंत

राइड पहाटे साडेपाचची धरू. आदल्या दिवशी दुपारपासून चोथा आणि गॅस करणारे पदार्थ कमी करा. मटकीची उसळ, राजमा, छोले, कोबी, फ्लॉवर, कच्च्या कोशिंबिरी आणि भरपूर कांदा-लसूण त्या एका दिवसापुरते बाजूला ठेवायचे. ज्वारी-बाजरीची भाकरी हे रोजचं उत्तम अन्न आहे, पण जोराच्या राइडच्या आदल्या रात्री तिचा चोथा नडतो. आठच्या आत मऊ वरण-भात, चमचाभर तूप, बटाट्याची कमी तिखट भाजी एवढं पुरे. भात नेहमीपेक्षा वाटीभर जास्त घ्या, कारण सकाळी खायला वेळ कमी असणार आहे. तळणीला आणि मटणाच्या रश्श्याला जठरातून उतरायला फार वेळ लागतो.

पुस्तकी नियम म्हणतो, पोटभर न्याहारी तीन तास आधी. साडेपाचच्या राइडसाठी अडीचला उठून कोणी खात नाही, आणि खाऊही नये. झोप महत्त्वाची. त्याऐवजी पावणेपाचच्या सुमारास एक मोठं केळं आणि जॅम लावलेले दोन पांढरे ब्रेड घ्या. साधारण ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं होतात आणि चोथा-चरबी नगण्य. तांदळाची पातळ पेज मीठ-साखर घालून घेतली तरी उत्तम. पोहे किंवा उपमा खायचा असेल तर दोन तास आधी, कमी तेलात, शेंगदाणे न घालता. उपवास असेल तर साबुदाण्याची पातळ पेज चालते. खिचडी मात्र नको. साबुदाणा निरुपद्रवी असतो, पण त्यातलं दाण्याचं कूट आणि तूप दोन तास हलत नाही.

दुधाच्या चहाची सवय असेल तर अर्धा कप घ्या आणि शौचाला जाऊन या. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना हे घरी जाणवत नाही आणि चाळीस किलोमीटरवर जाणवतं. दोन राइड कोऱ्या चहावर करून बघा, फरक पडला तर उत्तर मिळालं. उठल्याबरोबर ३०० मिलिलिटर पाणी प्या आणि मग थांबा. ‘पुढे मिळेल न मिळेल’ म्हणून निघताना लिटरभर ढोसलेलं पाणी पहिल्या चढावर डुचमळतं.

बाटलीतलं गणित

सर्वांत जास्त पोटं इथे बिघडतात. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंत चालते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही मिळून सरावलेलं पोट तासाला ९० ग्रॅमपर्यंत घेऊ शकतं. सरावलेलं, हा शब्द महत्त्वाचा. नवख्याने ३० ते ४० ग्रॅमपासून सुरुवात करावी. आपली घरची साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, म्हणजे दोन्ही वाटा ती आपसूक वापरते. महागड्या पावडरीशिवाय अडतं असं नाही.

साखर किती यापेक्षा किती पाण्यात, हे जास्त महत्त्वाचं. ६ ते ८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ६ ते ८ ग्रॅम, इथवर पोट आनंदाने घेतं. त्याहून घट्ट झालं की जठर अडतं आणि आतडं ते पातळ करायला शरीरातलंच पाणी आत ओढतं. पोट फुगतं, मुरडा येतो, आणि अंग मात्र कोरडं पडत जातं.

७५० मिलिलिटरच्या बाटलीसाठी ४५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. एक ग्रॅम मीठ चिमटीने मोजता येत नाही, आणि पहाटे अंधारात तर नाहीच. म्हणून एकदाच पाच बाटल्यांचं करून ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २२५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मीठ घ्या, मिक्सरमधून एकत्र फिरवून पिठीसाखर करा आणि ४६-४६ ग्रॅमच्या पाच पुड्या बांधा. दळायचं कारण असं की अख्खी साखर आणि बारीक मीठ नुसतं ढवळलं तर मीठ तळाशी बसतं. मग पहिली पुडी गुळमट आणि शेवटची खारट निघते. लिंबू ऐनवेळी पिळा. कडक उन्हात पुडी निम्मीच टाका आणि उरलेली ऊर्जा खाण्यातून घ्या.

दोन बाटल्या असतील तर एकीत हे आणि दुसरीत साधं पाणी. जेल (पुडीत मिळणारं साखरेचं घट्ट मिश्रण), खजूर, चिक्की जे काही घ्याल ते साध्या पाण्यासोबत. अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आहे आणि त्यावर २५ ग्रॅमचं जेल घेतलं, तर पोटातलं मिश्रण ११ टक्क्यांवर गेलं. जेलने पोट बिघडतं अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं जेल निर्दोष असतं, त्यावर प्यायलेलं गोड पेय नडतं.

ओआरएसबद्दल एक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते पाणी आणि क्षार भरून काढायला आहे, पायांना इंधन म्हणून नाही. आणि लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालायची. ती ७५० मिलिलिटरच्या बाटलीत कोंबली तर मिश्रण नको तितकं घट्ट होतं.

रस्त्यावरच्या पेयांचं थोडक्यात. उसाच्या रसात साखर साधारण १३ ते १५ टक्के असते. अर्धा रस, अर्धं बाटलीबंद पाणी, मीठ-लिंबू आणि बर्फ नको, असं करून घेतलं तर उत्तम पेय होतं. शीतपेय घ्यायचंच तर गॅस काढून, पाणी मिसळून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून सोबत चिमूटभर मीठ चाटा. ताक, लस्सी राइड संपल्यावर.

आणि मिसळ. मिसळीपर्यंत सायकल चालवत जाणं ही आपल्याकडची आनंदाची गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. फक्त मिसळ परतीच्या शेवटाला ठेवा. मटकी, तर्री, फरसाण, कांदा म्हणजे चोथा, तेल आणि तिखट एका ताटलीत. ते खाऊन लगेच परतीचा घाट चढलात तर काय होणार ते वर सांगितलंच आहे.

चालत्या सायकलवर

पहिली वीस मिनिटं हलक्या गिअरवर. पोटाकडचा पुरवठा एकदम तुटू नये म्हणून हे पायांइतकंच पोटासाठीही लागतं. वीस मिनिटांनी पहिला घोट आणि मग दर १० ते १५ मिनिटांनी १०० ते १५० मिलिलिटर. तासाला साधारण ५०० ते ७५० मिलिलिटर होतं. तुमचा नेमका आकडा वजनकाट्यावर कळतो. राइडच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे लिटरभर पाण्याची तूट. तूट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायची. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मळमळ, डोकेदुखी त्यातूनही येते.

तासाभराने खायला सुरुवात करून दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. अर्धं केळं, दोन-तीन खजूर, उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी. बारीक चावून. धापा टाकत गिळलेल्या प्रत्येक घासाबरोबर हवा पोटात जाते, आणि बाटली पिळून तोंडात पिचकारी मारली की आणखी जाते. नळी दातांत धरून, श्वास सोडल्यावर, लहान घोट.

घाटाचं खाणं घाटात नाही. पायथ्याच्या १५ ते २० मिनिटं आधी २० ग्रॅमच्या आसपास काहीतरी आणि साधं पाणी घ्या, म्हणजे चढ सुरू होईपर्यंत ते जठरातून उतरायला लागलेलं असेल. चढावर फक्त ओठ-घसा ओला करायचा. घाटाचा पहिला एक तृतीयांश भाग मुद्दाम जोर राखून चढा. गिअर इतका हलका की पायडल मिनिटाला ७५ ते ९० फिरेल. जड गिअरवर पन्नासच्या फेऱ्यांनी रेटलं की माणूस हँडल ओढतो, पोट आवळतो, श्वास अडवतो आणि पोट चिरडलं जातं.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. माथ्यावर दहा मिनिटं सावलीत बसून श्वास खाली आल्यावर शांतपणे खाल्लेलं अन्न, चढावर घाईघाईत कोंबलेल्या अन्नापेक्षा तुम्हाला लवकर पोहोचवतं.

बसण्याची पद्धत आणि बाटलीचं तोंड

हँडल फार खाली असेल तर मांडी प्रत्येक फेरीला पोटावर चढते आणि श्वासपटलाला जागा राहत नाही. ओळखायची खूण म्हणजे ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) हात असताना दुखतं आणि वर ताठ बसलं की दोन मिनिटांत ओसरतं. अशा वेळी स्टेमखाली (हँडल धरून ठेवणाऱ्या जोडदांड्याखाली) ५ ते १० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चकत्या, वाढवून बघा किंवा स्टेम उलटा बसवून घ्या. उंची कमी असलेल्यांना क्रँक (पायडलचा दांडा) १७२.५ऐवजी १६५ मिलिमीटरचा घेतल्यानेही कंबरेचा कोन मोकळा होतो. एका वेळी एकच बदल करा. पाण्याच्या पाठपिशवीचा कमरपट्टा आणि कमरेला इलॅस्टिक काचणारी चड्डीही तपासा. खांद्यावर पट्टे असलेली बिब चड्डी पोटाला मोकळी सोडते.

बाटली सायकलच्या सांगाड्याच्या खालच्या नळीवर असते, पुढच्या चाकाच्या फेकीत. पावसाळ्यात गावातून गेलात की तिच्या तोंडावर चिखलाबरोबर शेणही उडतं, आणि आपण तेच तोंडात धरतो. राइडनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होणारा मुरडा आणि जुलाब पुष्कळदा इथून येतात. झाकणावर टोपी असलेली बाटली घ्या, नाहीतर प्यायच्या आधी साध्या पाण्याची धार बाटलीच्या नळीवर सोडून पुसा. घरी आल्यावर नळीचा रबरी भाग ओढून काढा. आत काळी बुरशी दिसली तर गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि लहान ब्रश. गोड पेयाची बाटली रात्रभर सिंकमध्ये ठेवू नका.

कळ आलीच तर

१. हलका गिअर टाका आणि पाच-दहा मिनिटं बोलता येईल इतक्या वेगावर या. रक्त पोटाकडे परत यायला एवढा वेळ लागतोच.
२. हात वरच्या बारवर, पाठ सरळ, जर्सीची झिप उघडी. नाकाने श्वास, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ उच्छ्वास.
३. कुशीत चमक असेल तर थांबा. दुखऱ्या जागेवर बोटांनी दाब द्या, किंचित पुढे वाका, लांब श्वास सोडा.
४. गोड पूर्ण बंद. दर पाच मिनिटांनी साध्या पाण्याचे दोन घोट. ऊन असेल तर सावली, आणि डोक्यावर-मानेवर पाणी.
५. वीस मिनिटांनी बरं वाटलं तर आधी मीठ-लिंबू पाणी, ते टिकलं तर पातळ गोड, आणि मगच घास. उलटा क्रम केला की कळ परत येते.

गोळी घेऊन पुढे जायचा विचार करू नका. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आधीच रक्त कमी पडलेल्या आतड्याला आणखी इजा करतात. नेदरलँड्समध्ये सायकलपटूंवर झालेल्या २०१२च्या अभ्यासात हे दिसलं आहे. पोटात मुरडा आला की आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत डायसायक्लोमिन असतं. ते घाम कमी करतं, आणि उन्हात घाम थांबणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आतडंही ढिलं असतं. तेव्हा चोथा आणखी कमी ठेवा आणि जमलं तर जोराची राइड दोन दिवस पुढे ढकला.

शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, लघवी गडद तपकिरी, न थांबणाऱ्या उलट्या, बोलण्यात गोंधळ, उजव्या बाजूला खाली सरकत जाणारं किंवा काही तासांत न ओसरणारं दुखणं यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टर.

पोटालाही सराव लागतो

पायांना तयार करायला महिने देतो आणि पोटाला एकही दिवस नाही, ही मुख्य चूक. आतड्याच्या शोषून घेण्याच्या वाटा वापराने वाढतात, आणि दोन आठवड्यांतच फरक जाणवतो. आठवड्यातून दोन राइड यासाठी ठेवा. पहिल्या आठवड्यात तासाला ३० ग्रॅम, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ६०. ज्या आकड्याला पोट कुरकुरेल तिथे एक आठवडा थांबा. मोठ्या राइडला जे खाणार तेच, त्याच वेळी, त्याच वेगाला.

सोबत वही ठेवा: निघायची वेळ, आदल्या रात्रीचं जेवण, किती मिलिलिटर, किती ग्रॅम, ऊन किती, कळ कितव्या किलोमीटरला आणि पोटात नेमकी कुठे. पाच-सहा नोंदी झाल्या की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते. एखाद्याचं दूध निघतं, एखाद्याची दाण्याची चिक्की, तर एखाद्याचा घाटाचा पहिला किलोमीटरच फार जोरात गेलेला असतो. तेवढी एकच गोष्ट पुढच्या राइडला बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि त्याच घाटात पुन्हा करून बघा.